मागची सीट

मंगळवारी दुपारी सिग्नलला गाडी थांबली आणि पलीकडच्या बसथांब्याच्या बाकावर त्याला सासूबाई दिसल्या. एरवी त्या वेळी तो लॅबमधून बाहेर पडत नसे. पण सामान पोचवणारा माणूस आजारी होता, एका दातांच्या डॉक्टरांना वरची कवळी तातडीने हवी होती, म्हणून ती कापसात गुंडाळून, डबीत घालून तो स्वतःच निघाला होता. सासूबाई बाकाच्या अगदी टोकाला बसल्या होत्या. पर्स मांडीवर, पाय जुळवलेले, जणू बाकी सगळा बाक येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी राखून ठेवलाय. बस आली, दार उघडलं, दोघं-तिघं चढले. सासूबाई उठल्या नाहीत. नंबर वेगळा असेल, त्याने स्वतःला सांगितलं. तिच्या पाठोपाठ दुसरी आली. त्या थांब्यावर दोनच बस लागतात, हे त्याला पक्कं माहीत होतं. ड्रायव्हर वाकून काहीतरी म्हणाला, त्यांनी हसून हाताने ‘जा, जा’ केलं, ओळखीच्या माणसाला करावं तसं, आणि तीही बस गेली. मग मागच्या गाडीने हॉर्न ठोकला. सिग्नल कधीच हिरवा झाला होता. तो पुढे निघून गेला.

पुढे निघून गेला, पण डोक्यातून तो बाक हलेना. डॉक्टरांनी कवळी उजेडात धरून पाहिली, छान झालीय म्हणाले, तेव्हाही तो मनात त्या दुसऱ्या बसचं दार उघडताना पाहत होता. लॅबमध्ये परत आला तर समोरच्या फळीवर प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले, आणि त्यात डावीकडून तिसरा सासूबाईंचा. त्यांची कवळी त्यानेच केली होती. टाळू किती खोल आहे, खालची हिरडी कुठे झिजलीय, हसताना वरचा ओठ किती वर जातो, सगळं त्याला पाठ होतं. त्यांच्या पोटच्या मुलीला ठाऊक नसेल इतकं त्यांचं तोंड त्याला ठाऊक होतं, आणि दुपारी त्या कुठे असतात ते मात्र ठाऊक नव्हतं. संध्याकाळी सूप वाढताना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, “आज काय केलंत दिवसभर?” “आज? आज काय, घरातच. जरा डोळा लागला दुपारी,” त्या म्हणाल्या आणि ब्रेडची टोपली त्याच्याकडे सरकवली. इतकं सरळ, इतकं बिनचूक खोटं. तीस-पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ‘लाइन बिझी आहे’ म्हणत काढल्यावर असं बोलायला जमत असावं. बायकोचं लक्ष नव्हतं. ती हॉस्पिटलात वॉर्डची सिस्टर, तेव्हाही दुसऱ्या दिवशीच्या ड्युट्या लावत बसली होती.

सासरे गेल्यावर सासूबाई त्यांच्याकडे राहायला आल्या. त्याच सुमारास मुलगी शिकायला बाहेरगावी गेली होती, तिची खोली रिकामी होती, तेव्हा प्रश्नच नव्हता. कुणी भांडलं नाही, कुणी तोंड वाकडं केलं नाही. त्या स्वतःचा कप लगेच धुऊन ठेवायच्या, दार लावताना कडी हाताने धरून आवाज दाबायच्या, वर्तमानपत्राची घडी मोडलेली दिसल्याशिवाय त्याला हात लावायच्या नाहीत. तो बाथरूमकडे निघाला की त्या आत असल्या तरी दोन मिनिटांत बाहेर यायच्या, ओल्या तोंडाने, ‘झालं, झालं’ म्हणत. आवाज न करण्याचाच एक आवाज घरभर असायचा, आणि त्यामुळे त्याला कानकोंडं वाटायचं. आपल्याच घरात आपण साहेब झालोत आणि सगळे आपल्या मर्जीने वागतायत, असं वाटायचं. आणि त्याच्यात साहेबपणा औषधालाही नव्हता. फोनवर मात्र त्या खुलायच्या. बहिणीशी बोलताना त्यांचा आवाज एकदम तरुण व्हायचा, खालच्या पट्टीत, गोल, एकेक शब्द ताटात वाढल्यासारखा. तो ऐकू आला की तो हातातलं काम थांबवून क्षणभर उभा राहायचा. तो आवाज घरात कधी कुणाशी लागत नव्हता.

आणि दर रविवारी तो उडायला जायचा. शहर संपतं तिथे एक गवताळ पट्टी, पत्र्याची शेड, आणि त्या शेडचा सर्वेसर्वा कप्तान. कप्तान जन्मात कशाचाच कप्तान नव्हता. इंजिनं दुरुस्त करता करता उडायला आणि मग उडवायला शिकवायला लागला, तेव्हापासून लोक त्याला तसं म्हणत. विमान म्हणायचं म्हणून म्हणायचं. कापडी पंख, त्याखाली लोंबणारी तीन चाकांची गाडी, मागे छोटं इंजिन आणि पंखा. दोन सीटा, एकीमागे एक, चारी बाजूंनी उघड्या. पंखाला जोडलेला एक आडवा दांडा दोन्ही हातांत धरायचा. छातीकडे ओढला की वेग वाढतो, पुढे ढकलला की कमी होतो. बाकी सगळं अंगानेच करायचं. पहिल्यांदा एकटा वर गेला तेव्हा त्याला वाटलं होतं, भीती वाटेल. भीती वाटली नाही, लाज वाटली. इतक्या उघड्यावर, इतक्या उंचीवर आपण काही झाकून ठेवू शकत नाही अशी काहीतरी. मग तीही गेली. खाली लोकांच्या तोंडांत आठवडाभर डोकं घालून बसलेला माणूस तो. वर एकही तोंड नव्हतं. नांगरटीचे पट्टे, तळ्याचा पत्र्यासारखा चमचमणारा तुकडा, कारखान्याच्या छपरावर सरकणारी स्वतःचीच चिमुकली सावली. गार वारा शर्टाच्या बाह्यांतून आत शिरून पाठीवर फिरायचा. तासाभराने उतरला की आठवडाभराचं अंगावरचं ओझं कुणीतरी उचलून नेल्यासारखं वाटायचं, आणि घरी येताना तो बायकोसाठी काहीबाही घेऊन यायचा, कारण नसताना.

त्या रविवारी मात्र वर गेल्यावरही बाक सुटला नाही. तळ्यावरून वळण घेताना मनात आलं, त्याही बाहेरच पडतात की. आपल्याजवळ यंत्र आहे, त्यांच्याजवळ बाक. आपण रविवारी जातो, त्या रोज जात असतील. कुणापासून? घरात दिवसा कुणीच नसतं. मग ज्या घरात कुणी नाही तिथेसुद्धा आपण कुणाच्या तरी मध्ये येतो, असं त्यांना वाटत असेल तर ते कुणामुळे? मागची सीट रिकामी होती, तिचे पट्टे त्याने स्वतःच करकचून बांधले होते, वाऱ्याने फडफडू नयेत म्हणून. बायको एकदाच बसली होती तिथे, उतरल्यावर म्हणाली होती, छान आहे, पण मला जमिनीवरच पुरेसे पेशंट आहेत.

पुढच्या शनिवारी चहा घेता घेता तो म्हणाला, “उद्या येता का माझ्याबरोबर? वर?”

सासूबाईंनी कप खाली ठेवला. “वर म्हणजे? मला वाटत होतं, वर जायला मला अजून थोडा अवकाश आहे.”

बायको हसता हसता ठसकली. तिला रविवारी ड्युटी होती; आईला सांभाळून ने, जास्त उंच नको, एवढंच म्हणाली. सासूबाई रात्री नातीची जीन्स घालून बघत होत्या, हे दाराच्या फटीतून कळलं.

शेडमध्ये कप्तानने त्यांना वजनकाट्यावर उभं केलं. त्यांनी आधी पर्स काढली, मग घड्याळ, मग चपलाही. “घड्याळाने काय फरक पडतो हो?” कप्तान म्हणाला. “मला पडतो,” त्या म्हणाल्या. मग त्याने त्यांना नीट समजावलं: पंखा मागे आहे, म्हणून खिशातलं, केसांतलं, अंगावरचं काही सुटता कामा नये, सुटलं की थेट पंख्यात. त्यांनी चष्म्याची दोरी गाठ मारून पाहिली, केसांतल्या पिना काढून दिल्या, आणि मग त्याच्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “कवळी काढून ठेवू का?”

“कशाला?”

“सुटली तर पंख्यात जाईल ना.”

“मी केलेली कवळी सुटत नाही,” तो म्हणाला. स्वतःलाच नवल वाटावं इतक्या ताठ आवाजात. त्यांनी जबडा दोनदा मिटून पाहिला आणि मान डोलावली.

ही सीट अशी, की मागच्याचे गुडघे पुढच्याच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना येतात. इतक्या वर्षांत पाया पडण्यापलीकडे ज्यांना हात लावला नव्हता त्यांचे गुडघे बरगड्यांना टेकल्यावर तो आखडूनच बसला. हेल्मेटमधल्या फोनमधून त्यांचा श्वास ऐकू येत होता. चाकं गवतावरून धडधडली, धडधड थांबली, आणि जमीन खाली राहिली. “अगं बाई,” कानात आवाज आला. तोच आवाज. बहिणीशी बोलतानाचा, गोल, खालच्या पट्टीतला, आणि आता तो थेट त्याच्या कानात, त्याच्याशी. हेल्मेटमध्ये त्यांना घरच्यासारखं वाटलं असावं. मग त्या थांबल्याच नाहीत. तळं दिसलं की तळ्याबद्दल, रस्ता दिसला की रस्त्याबद्दल. एक्स्चेंजमध्ये एक माणूस रोज एकाच नंबरला फोन लावायला सांगायचा आणि लागला की ठेवून द्यायचा, ते. सासरे चिडले की शिट्टी वाजवायचे, ते. नात लहानपणी कुणाच्या मांडीवर झोपायची, ते. तो ‘हं’ म्हणत राहिला. त्याला शांतता आवडायची, ती मिळावी म्हणूनच तो इथे यायचा, आणि आता वाटत होतं की हे संपू नये. आखडलेली पाठ कधी सैल झाली, ते कळलंसुद्धा नाही. गुडघे नुसते गुडघे झाले.

“एक सांगायचं होतं,” त्या म्हणाल्या. आवाज बदलला नव्हता. “घरी सांगायला जमत नाही. मी बहिणीकडे जायचं ठरवलंय. कायमचं. तिलाही सोबत होईल. तिला तुम्ही सांगा, माझ्याच्याने होणार नाही.” तिला म्हणजे त्याच्या बायकोला. तो बोलायला तोंड उघडतो तोच मागे इंजिनाचा आवाज फाटला. इंजिन खोकल्यासारखं दोनदा अडकलं, पुन्हा उचललं, आणि बंद पडलं.

एकदम नुसता वारा. त्याने दांडा छातीकडे ओढला. वेग सोडायचा नाही, बाकी काही झालं तरी वेग सोडायचा नाही, हे कप्तानने त्याच्या हाडांत भरलं होतं. हात बरोबर काम करत होते, डोकं मात्र कुठेतरी दूर, कवळीला मेण लावावं तसं, एकेक गोष्ट सावकाश उचलत होतं. किल्ली फिरवली, इंजिनाने दाद दिली नाही. पट्टी लांब राहिली होती. उजवीकडे झाडं, पलीकडे विजेच्या तारा. तारा दिसत नाहीत, खांब दिसतात, खांब शोध. डावीकडे कापणी झालेलं लांबट शेत. त्याच्या कडेला कुणीतरी पाचोळा पेटवला होता, धूर झाडांच्या दिशेने झुकलेला, म्हणजे वारा कुठून ते कळलं. मग कानात, अगदी हळू: “आता मी गप्प बसते. तू तुझं बघ.”

तू. तेवढ्या गडबडीतही ते त्याला ऐकू आलं. घरात त्याला तू म्हणणारी आता एकटी बायकोच उरली होती. आई जाऊन खूप वर्षं झाली होती. शेत वर वर येत गेलं, पिवळं, मग धसकटं वेगवेगळी दिसू लागली, मग त्याने दांडा पुढे ढकलला, चाकं टेकली, उडाली, पुन्हा टेकली, धसकटं खालून तडातडा मोडली, आणि बांधाच्या अलीकडे सगळं थांबलं. धुराचा वास आला. कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. त्याला हात दांड्यावरून काढता येईनात.

“झालं का?” मागून आवाज आला.

“झालं.”

“मला वाटलं होतं, तुम्हीच बंद केलंत. माझी बडबड ऐकून.” मग जरा थांबून, “मग म्हटलं, नाही. यांची पाठ वेगळीच झालीय.”

त्याने कप्तानला फोन करून जागा सांगितली. शेताची मालकीण बांधावरून चालत आली, दोघांकडे, मग पंखाकडे पाहत राहिली. सासूबाईंनी हेल्मेट काढलं, केस नीट केले आणि ओळख करून दिली, “हे माझे जावई. फार छान चालवतात.” त्या बाईने बंद पडलेल्या यंत्राकडे पाहिलं आणि ती पाणी आणायला गेली. ती वळताच त्याला हसू फुटलं, मग आवरेना. सासूबाईही हसत होत्या, धसकटांत बसून, नातीची जीन्स गुडघ्यापर्यंत मातीने माखलेली.

हसू ओसरल्यावर तो म्हणाला, “मी तुम्हाला बसथांब्यावर पाहिलं होतं.”

“मीही पाहिलं तुम्हाला. थांबला नाहीत, बरं केलंत. थांबला असतात तर मला बसायला दुसरी जागा शोधावी लागली असती.”

“पण तिथे कशाला? घर आहे ना. आमच्यामुळे...”

“तुमच्यामुळे काय? दुपारी तुम्ही असता कुठे घरात?” त्यांनी एक काडी मोडली. “अहो, जन्म गेला माझा बिनखिडकीच्या खोलीत. दिवसभर आवाज. रडणारे, भांडणारे, लग्न ठरल्याचं सांगणारे. तोंड एकाचंही नाही पाहिलं. आता तिथे बसते, लोक फोनवर बोलत येतात, आणि आवाजाबरोबर तोंडही दिसतं. एकाचंही माझ्या अंदाजाप्रमाणे निघत नाही! इतकी मजा येते. घरी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, म्हातारीला कंटाळा येतो, तिला कुठल्यातरी मंडळात घालूया.”

एवढे दिवस ज्या दुःखाचा खडा पोटात घेऊन तो फिरत होता, ते त्यांचं नव्हतंच. “मग बहिणीकडे का?”

त्यांनी हातातली काडी धुराच्या दिशेने भिरकावली. “तुम्ही दर रविवारी पळता. माझी मुलगी म्हणते, त्याला आवड आहे. मी म्हटलं, एवढी आवड होती तर मी यायच्या आधी कुठे होती? मी आले आणि तुमचं हे सुरू झालं. माणूस स्वतःच्या घरातून आकाशात पळतो म्हणजे काय. बरं, तुम्ही कधी एका शब्दाने बोलला नाहीत. त्याचंच जास्त वाटायचं.”

“आमची मुलगी शिकायला गेली म्हणून सुरू केलं,” तो म्हणाला. म्हणताना लक्षात आलं की हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. रविवारी सकाळी तो आणि मुलगी पोहायला जायचे. ती गेल्यावरच्या पहिल्या रविवारी तो टॉवेल खांद्यावर टाकून दारात उभा राहिला होता, आणि मग तसाच आत आला होता. “रविवार जाता जाईना.” पण एवढंच बोलून थांबलं तर ते पुरतं खरं होणार नव्हतं, आणि इथे, कुणाच्या तरी शेतात, मातीत बसून खोटं बोलायचा कंटाळा आला. “थोडं तुमच्यामुळेही. सुरुवातीला. तुम्ही इतकं जपून वागायचात की मला श्वास घ्यायलाही संकोच वाटायचा.”

तो त्यांच्या तोंडाकडे पाहायला धजला नाही. मग त्यांचा आवाज आला, हेल्मेटशिवाय, तरी तसाच गोल.

“थोडं ना? थोडं चालेल.”

कप्तान आला, इंजिन उघडून बसला. इंधनपंपाच्या आतला पडदा फाटला होता. दिसणारी गोष्ट नव्हती, म्हणाला, आणि सासूबाईंना म्हणाला, तुम्ही घाबरल्या नाहीत? “मी मागे होते,” त्या म्हणाल्या. “घाबरायचं काम पुढच्याचं.” पंख घडी करून ट्रेलरवर चढवेपर्यंत त्या शेताच्या मालकिणीशी बांधावर गप्पा मारत बसल्या. गाडीत बसताना त्याने शेवटी विचारलं. विचारताना स्टीअरिंगकडेच पाहत होता. “मग तिला काय सांगू? बहिणीकडचं?”

“बहिणीकडे जाणार ते जाणारच. शब्द दिलाय, ती वाट बघतेय. थंडी संपेपर्यंत राहीन.” पट्टा लावून झाल्यावर म्हणाल्या, “खोली देऊन टाकू नका कुणाला. आणि ते जपून वागायचं, ते जमेल तसं कमी करते. एकदम नाही जमायचं.”

शेताचं घरी सांगायचं नाही, हे त्यांनी वाटेतच ठरवलं. ठरवलं म्हणजे त्या म्हणाल्या, उगाच कशाला, आणि तो म्हणाला, हो ना. बायको ड्युटीवरून येऊन युनिफॉर्ममध्येच स्वयंपाकघरात उभी होती, सूप गरम करत. कसं झालं, तिने विचारलं. बरं झालं, जरा गार होतं, असं दोघंही जवळजवळ एकदम म्हणाले. ती वळली. वॉर्डमध्ये पेशंटला बघावं तसं तिने दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग वाकून आईच्या जीन्सच्या दुमडीतून काडीचा एक जाड तुकडा उपसून काढला.

“हे काय?”

“गवत,” सासूबाई म्हणाल्या.

“हे गवत आहे? कप्तानच्या पट्टीवर मी गेलेय. कुठे उतरलात तुम्ही?”

मग दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं, आणि तेवढ्यावरून तिला सगळं कळलं. तिचा वॉर्डातला आवाज लागला. काही अक्कल आहे की नाही, म्हणाली. एक पन्नाशीचा, एक सत्तरीची, आणि कळत दोघांनाही नाही. एक नेतो आणि एक जाते. तुम्हा दोघांना काही झालं असतं म्हणजे मी कुणाकडे बघायचं होतं? तुम्हा दोघांना ना, एका खोलीत कोंडून घालायला पाहिजे. तिचा आवाज मध्येच भरून आला, तो लपवायला तिने डाव पातेल्यावर आपटला. सूप उतू चाललं होतं, पण सांगायची कुणाची हिंमत नव्हती. तो खुर्चीत खाली मान घालून बसला होता, आणि ते ‘तुम्हा दोघांना’ पुन्हापुन्हा अंगावर येत होतं, थंडीत ऊन यावं तसं. तसं काही फार धोक्याचं नव्हतं, असं म्हणायला त्याने मान वर केली. टेबलाखालून सासूबाईंनी त्याच्या पायावर पाय दाबला. जोरात, गप्प बस म्हणून. तो गप्प बसला.

“आणि हसताय कशाला दोघं?” बायको ओरडली.

आपण हसतोय, हे त्याला तोवर माहीतच नव्हतं.